जी. एन. जोशींनी नेमकं कुणाला घडवलं?

पेटचा निकाल लागला की मला ज्युनियर मुलामुलींचे मेसेज यायला लागतात. "ताई, अमुक सरांकडे गाईडशिप घेऊ का? त्यांचे चार विद्यार्थी परदेशात आहेत." मी दरवेळी एकच उलट प्रश्न विचारते. त्या सरांकडे आजवर एकूण विद्यार्थी किती होते? बाकीचे कुठे आहेत? यावर बहुतेक वेळा शांतता. परदेशातले चार सगळ्यांना माहीत असतात, मधेच सोडून गेलेले कुणालाच माहीत नसतात. आणि त्या चौघांनाही सरांनीच घडवलं की ते आधीच तयारीचे होते, हा तर पुढचाच प्रश्न.

हे सगळं मी आज एका वेगळ्याच माणसावरून सांगणार आहे. म्हणजे ही म्हटली तर समीक्षा आहे, म्हटली तर रिसर्च मेथडॉलॉजीचा तास. माणूस म्हणजे जी. एन. जोशी, 'हिज मास्टर्स व्हॉइस' या रेकॉर्ड कंपनीचे मुंबईतले अधिकारी. त्यांच्याबद्दल सर्रास म्हटलं जातं की त्यांनी कलाकार घडवले, नव्यांना पुढे आणलं. मलाही ते म्हणणं आवडतं. पण मी शास्त्राची विद्यार्थिनी आहे, त्यामुळे आवडलेलं वाक्य दिसलं की हात आपोआप पुराव्याकडे जातो.

निमित्त सांगते. सध्या मी सुट्टीत घरी, डिंभ्याला आहे. फील्डवर्क संपलंय, थीसिसचं तिसरं प्रकरण अडकलंय आणि दुपारी लाईट जाते. आमचे मामा मुंबईला गोदीत होते. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा त्यांनी एक रेकॉर्ड प्लेअर आणि पंचवीस-तीस तबकड्या आणल्या होत्या. त्यात 'कॉल ऑफ द व्हॅली' होती. लाईट आली की मामा ती लावतात आणि पडवीत बसून धरणाकडे बघत ऐकतात. मी ही रेकॉर्ड लहानपणापासून ऐकतेय, पण तिच्यामागे कोण आहे हे मला एम.एस्सी. झाल्यावर कळलं. वाजवणाऱ्या तिघांची नावं पाठ होती. चौथा माणूस निर्माता होता, आणि तो खामगावकडचा मराठी माणूस होता.

आधी माहिती. गोविंद नारायण जोशी यांचा जन्म १९०९ चा. शिक्षण कायद्याचं, ओढ गाण्याची. १९३२ च्या सुमारास त्यांच्याच आवाजात एचएमव्हीने 'शीळ' ही कविता रेकॉर्ड केली. कवी ना. घ. देशपांडे, मेहकरचे, तेही १९०९ सालचेच. मराठी भावगीताचा इतिहास लिहिणारे बरेच जण सुरुवात या रेकॉर्डपासून करतात. एक गंमत बघा. ना. घं.चा 'शीळ' हा संग्रह निघाला १९५४ साली. म्हणजे पुस्तक येण्याच्या वीसेक वर्षं आधी कवितेची तबकडी घराघरांत वाजत होती. १९३८ मध्ये जोशी वकिली बाजूला ठेवून एचएमव्हीत नोकरीला लागले आणि पुढची निदान तीस वर्षं रेकॉर्डिंग स्टुडिओच्या काचेच्या त्या बाजूला बसले. ह्या सगळ्याच्या आठवणी त्यांनी 'स्वरगंगेच्या तीरी' या पुस्तकात लिहिल्या. 'डाऊन मेलडी लेन' नावाने ते १९८४ मध्ये इंग्रजीतही आलं.

आता पुरावा. इथे पहिलीच अडचण येते, आणि तुमच्यापैकी ज्यांना जुन्या नोंदींवर काम करायचंय त्यांनी ही नीट समजून घ्या.

७८ आरपीएमच्या तबकडीच्या लेबलवर जागा किती असते? गायकाचं नाव, गाण्याचा पहिला शब्द किंवा राग, कंपनी, क्रमांक. संपलं. तबलजी कोण, सारंगीवर कोण, हे बहुतेक वेळा नाही. रेकॉर्डिंग कुणी ठरवलं, कलाकाराला कुणी मनवलं, तीन मिनिटांत काय बसवायचं हे कुणी सुचवलं, हे तर नाहीच. अगदी सुरुवातीच्या काळात, १९०२ ला कलकत्त्यात गौहर जानचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा, गाण्याच्या शेवटी तिने स्वतःचं नाव मोठ्याने उच्चारलेलं ऐकू येतं. कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हानोव्हरला, आणि तिथल्या माणसांना कुठली तबकडी कुणाची हे कळायला हवं होतं. कलकत्त्यात कारखाना आला तो १९०८ मध्ये. म्हणजे गायिकेचं नाव राहिलं तेही छपाईच्या सोयीसाठी. निर्मात्याचं नाव राहण्याची तर काहीच सोय नव्हती.

याचा परिणाम असा की १९३८ पासून एलपी येईपर्यंतची जी साधारण वीस वर्षं जोशी काम करत होते, त्या कामाचा मोठा पुरावा काय? तर त्यांचंच पुस्तक. संशोधनाच्या भाषेत ज्याच्या दाव्याची तपासणी करायची तोच साक्षीदार.

मी असं म्हणत नाही की ते खोटं लिहितात. मुळीच नाही. पुस्तक वाचताना माणूस प्रेमळ वाटतो. बडे गुलाम अली खाँ, बेगम अख्तर, अमीर खाँ, हिराबाई बडोदेकर यांच्यासारख्या मोठ्या माणसांना जवळून बघितलेला, त्यांच्या लहरी सांभाळलेला, आणि स्वतः गायक असल्यामुळे समोरचा कुठे अडतोय हे ओळखणारा. मला त्या पुस्तकातली हीच बाजू सगळ्यात खरी वाटते. मैफलीत तासभर राग मांडणाऱ्या गवयाला साडेतीन मिनिटांत बसवायचं म्हणजे काय, हे फक्त इंजिनियर असलेल्याला कळणार नाही. जोशींनी स्वतः त्या साडेतीन मिनिटांत गाऊन दाखवलं होतं. काचेच्या दोन्ही बाजूंचा अनुभव असलेला माणूस एवढ्या मोठ्या कंपनीला मिळणं हे कंपनीचंही नशीब.

पण पुस्तकाचा साचा आठवणींचा आहे. एक मोठा कलाकार, एक प्रसंग, एक अवघड क्षण, मग रेकॉर्डिंग पार पडतं. ज्यांची ऑडिशन झाली आणि घेतलं नाही त्यांची यादी त्यात नाही. ज्यांची एकच तबकडी निघाली, खपली नाही आणि पुन्हा बोलावलं गेलं नाही, त्यांच्यावर प्रकरण नाही. असू शकत नाही, आठवणींचं पुस्तक तसं लिहिलंच जात नाही. पण मग आपण ते वाचून "जोशींनी ज्याला हात लावला त्याचं सोनं झालं" असं म्हणायला लागतो, तिथे चूक आपली.

माझ्या विषयातलं उदाहरण देते. मी वनस्पतींवर काम करते. जुन्या हर्बेरियममधल्या नमुन्यांचे पत्ते नकाशावर टाकले की जगभर एक गोष्ट वारंवार दिसते. ठिपके रस्त्याच्या कडेने, गावांच्या आणि विश्रामगृहांच्या आसपास जास्त. वनस्पती काय रस्ता बघून उगवत नाही. गोळा करणारा रस्त्याने जातो. आपल्याकडे आहुप्याच्या कड्यावरची जी झाडं पहिल्या दोन तासांच्या चालीत येतात ती कागदावर येणार, आणि पावसाळ्यात जिथे जाता येत नाही तिथली येणार नाहीत. हर्बेरियम बघून "या भागात एवढ्याच जाती आहेत" म्हणणं आणि रेकॉर्डचा कॅटलॉग बघून "त्या काळात एवढेच चांगले गाणारे होते" म्हणणं, ही एकाच आईची दोन लेकरं आहेत.

आता याच मुद्द्यावर जरा बाहेर डोकावू. जोशी ज्या कंपनीत होते तिची मूळ मालकी इंग्लंडच्या ईएमआयकडे. त्याच ईएमआयच्या पार्लोफोन लेबलवर जॉर्ज मार्टिन नावाचा निर्माता होता, ज्याने १९६२ मध्ये बीटल्सना घेतलं. नवे बँड वर आणणारा निर्माता म्हटलं की जगात पहिलं नाव त्याचंच निघतं. पण लक्षात घ्या, बीटल्स त्याच वर्षीच्या पहिल्याच दिवशी डेका कंपनीकडे ऑडिशन देऊन आले होते आणि डेकाने त्यांना नाकारलं होतं. म्हणजे तिथे आपल्याला तुलना करायला काहीतरी मिळतं. तीच चार मुलं (ढोलकवाला बदलला, तो भाग सोडा), तेच वर्ष, दोन दारं. एका दाराने नाही म्हटलं, दुसऱ्याने हो. मार्टिनच्या कानाचं मोल थोडंफार तरी मोजता येतं.

मुंबईत दुसरं दार होतं का? अगदीच नव्हतं असं नाही. १९३५ पासून पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत 'यंग इंडिया' नावाच्या देशी कंपनीच्या तबकड्या निघत होत्या आणि नवख्या कलाकारांना तिथे बरीच जागा मिळाली. इतर लहानमोठी लेबलंही होती. पण ती मागे पडत गेली आणि साठच्या दशकात एचएमव्हीचा दबदबा इतका होता की तिथला नकार म्हणजे जवळजवळ शेवटचा नकार. कॅसेट आल्यावर, ऐंशीच्या दशकात, ही मक्तेदारी मोडली. म्हणून जोशींचं मोजमाप करताना त्यांचा कान आणि त्यांच्या खुर्चीचं वजन या दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात, आणि त्या सहजासहजी वेगळ्या होत नाहीत. त्या काळात एखादा तरुण गायक एचएमव्हीतून पुढे आला तर जोशी तिथे होते म्हणून श्रेय त्यांचं, असं लिहिणारे लेख मी वाचलेत. त्या न्यायाने डिंभ्याच्या धरणाखाली पिकलेल्या प्रत्येक उसाचं श्रेय गेट उघडणाऱ्याला द्यावं लागेल.

(मामांनी हे वाक्य ऐकून विचारलं, "मग कुणाला द्यायचं?" बरोबर प्रश्न आहे. गेट वेळेवर उघडलं नाही तर ऊस वाळतो हेही खरंच.)

मग असं काही आहे का, जिथे जोशींचा हात स्पष्ट दिसतो? माझ्या मते आहे, आणि ते म्हणजे मामांची ती तबकडी.

'कॉल ऑफ द व्हॅली' आली १९६७-६८ च्या सुमारास. वाजवणारे तीन. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. पहिले दोघे १९३८ चे, काब्रा एखाद्या वर्षाने मोठे. तिशीच्या उंबरठ्यावरची मुलं. जोशी तेव्हा साठीच्या जवळ आलेले. विषय काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस. पहाटेचा अहिर भैरव, मग नटभैरव, पिलू, संध्याकाळचा झपतालातला भूप, देस आणि शेवटी पहाडी.

त्यांना जोशींनी शोधलं का? नाही. शिवकुमारांचं संतूर शांतारामांच्या 'झनक झनक पायल बाजे'मध्ये १९५५ लाच वाजलं होतं. चौरसिया कटकच्या आकाशवाणीवरून मुंबईत येऊन स्टुडिओंत वाजवत होते. काब्रा अली अकबर खाँसाहेबांच्या तालमीतले. तिघंही ज्याला आपण 'आधीच क्वालिफाइड' म्हणतो तसे. शोधण्याचं श्रेय इथे लागूच होत नाही.

मग जोशींचं काम काय? माझं उत्तर असं आहे, मतभेद असेल तर जरूर मांडा. त्यांनी एकत्र काय ठेवायचं ते ठरवलं. त्या काळच्या शास्त्रीय जगात या तिन्ही वाद्यांकडे थोडं तिरकं बघितलं जायचं. संतूरवर मींड येत नाही, सूर ठोकून काढावा लागतो, म्हणून ते रागाला चालणार नाही असं जाणकार म्हणत. गिटार तर परकी, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. बासरीला मान होता, पन्नालाल घोषांनी तो मिळवून दिला होता, पण सतार-सरोदची गादी तिला नव्हती. या तिघांना एका तबकडीवर बसवताना काय होतं ते कान देऊन ऐका. संतूरचा सूर पडतो आणि विरतो. त्या विरण्याच्या जागी गिटार घसरत येते आणि मींड पुरवते. बासरी श्वासाएवढी लांब ओळ धरते. एकाचं उणं दुसरा भरून काढतो, आणि कुणालाही तासभर राग विस्तारावा लागत नाही, कारण दिवसच पुढे सरकत असतो. पहाट सरली की राग सरतो. कथानकामुळे छोटेपणा हा दोष राहिला नाही, ती गरज बनली.

हे ७८ च्या तबकडीवर वाढलेल्या माणसाचं डोकं आहे, असं मला वाटतं. साडेतीन मिनिटांत एक भाव पुरा करायची सवय तीस वर्षं लागलेली, आणि हातात एलपीच्या दोन लांब बाजू. त्याने लांब बाजूला लांब राग न लावता छोट्या छोट्या पूर्ण वस्तू एका धाग्यात ओवल्या. भावगीताचंच शहाणपण, शब्द काढून टाकलेलं. एवढ्यासाठी मी जोशींना मानते.

आता टीका. रेकॉर्ड गोड आहे, आणि काही ठिकाणी नको इतकी. देसपर्यंत येताना मला दरवेळी वाटतं की कुणीतरी जरा बिघडवायला हवं होतं. तिघंही एकमेकांना वाट देतात, कुणी कुणाची वाट अडवत नाही. खऱ्या जुगलबंदीत जी ठिणगी पडते ती इथे नाही. मेंढपाळाचा दिवस म्हणावा तर त्यात लांडगा नाही, पाऊस नाही, हरवलेली मेंढी नाही. आमच्या आदिवासी पट्ट्यातली गुरं राखणारी माणसं हा दिवस ऐकून हसतील. शहरातल्या ऐकणाऱ्यासाठी, परदेशातल्या ऐकणाऱ्यासाठी तयार केलेलं खोरं आहे हे, आणि ते त्यांना आवडलंही. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीपर्यंत ही तबकडी पोचल्याचं सांगितलं जातं. निर्माता नव्या लोकांना वर आणतो तेव्हा तो त्यांना थोडं गुळगुळीतही करतो. ते वर येण्याचं भाडं असतं. जॉर्ज मार्टिननेही बीटल्सना केलंच की.

आणि कल्पना मुळात कुणाची? मेंढपाळाची गोष्ट कुणी सुचवली, कुठला राग कुणी निवडला? निर्माता म्हणून नाव जोशींचं लागतं, वादक म्हणून तिघांचं. पण तिघे-चौघे एका खोलीत आठवडाभर बसले की कुठलं वाक्य कुणाचं हे खोलीबाहेर आल्यावर कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. ज्यांचा पहिला पेपर झालाय त्यांना हे माहीत आहे. आयडिया गाईडची की आपली, हे लॅबमधल्या चहावर ठरत नाही, ऑथर लिस्टवर ठरतं.

पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एकच तबकडी, एकच निर्माता, तीन तरुण वादक. पुढे काय झालं? शिवकुमार आणि हरिप्रसाद जगभर गेले. 'शिव-हरी' म्हणून दोघांनी 'सिलसिला'पासून हिंदी चित्रपटांना संगीतही दिलं. काब्रांचं नाव गिटार वाजवणाऱ्यांत आदराने घेतलं जातं, पण २०१८ ला ते गेले तेव्हा तुमच्यापैकी किती जणांना कळलं? मला नव्हतं कळलं. निर्मात्याने 'घडवणं' हेच जर मुख्य कारण असतं तर परिणामात एवढा फरक का? म्हणजे वाद्य, स्वभाव, सिनेमातली ओळख, नशीब, राहतं शहर, हे सगळं कामाला लागलेलं असतं. सारख्या मातीत, सारख्या पाण्यात तीन रोपं लावली आणि वेगवेगळी वाढली, तर माळ्याबद्दल बोलताना जपून बोलावं लागतं. तीनचा नमुना छोटा आहे, मान्य. पण 'त्यांच्यामुळेच' हे म्हणणाऱ्याकडे तर एकाचाच नमुना असतो.

आणि चौथा. तबल्यावर माणिकराव पोपटकर होते. मराठी माणूस, झपतालापासून पहाडीपर्यंत सगळा दिवस यांनीच चालवलाय. रेकॉर्डवरचे लेख तीन वादकांची नावं देऊन थांबतात. मीही वर 'वाजवणारे तीन' असं लिहिलं, तुमच्या लक्षात आलं का?

आता थोडं आमच्या बाजूचं. नव्यांना तयार करणारी माणसं फक्त मुंबईच्या स्टुडिओत नव्हती. आमच्याकडून मंचरला निघालं आणि नाशिक रस्त्याला लागलं की नारायणगाव. पाडव्याच्या आसपास तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं गाव. फडाचा मालक किंवा मालकीण हीसुद्धा निर्मातीच. पोरगा सोंगाड्या होईल का, ढोलकीवर कुणाचा हात बसतोय, कुणाला आज पुढे काढायचं, हे रोज रात्री ठरतं. फरक एवढाच की फडमालक कलाकाराला उचल देतो ती अनेकदा स्वतः कर्ज काढून. पावसाने यात्रा बुडाली तर बुडतो तो. जोशींना महिन्याचा पगार होता. फसलेल्या तबकडीचा तोटा कंपनीचा. याने जोशी लहान होत नाहीत, पण 'जोखीम घेतली' हा शब्द त्यांच्यासाठी वापरताना मी दोनदा विचार करीन. मार्टिनचंही तसंच, तोही पगारी होता. एवढ्या हिट रेकॉर्ड देऊन वाटा मिळत नाही म्हणून १९६५ मध्ये त्याने ईएमआयची नोकरी सोडली.

तमाशातलं तबकडीवर काय आलं? लावणी आली, पोवाडा आला. अख्खा वग येणं अवघडच होतं. रात्रभर चालणारी वस्तू साडेतीन मिनिटांत कशी मावणार? म्हणजे कोण गाळलं जाणार हे निर्मात्याच्या आवडीआधी तबकडीच्या मापानेच ठरलं होतं. याला तुम्ही उपकरणाचा दोष म्हणा. जाळीचा आकार ठरला की कुठला मासा सुटणार तेही ठरतं, हे आमच्या जलाशयात मासेमारी करणाऱ्या कुणालाही विचारा.

शेवटी घरचं सांगते, कारण हा लेख लिहायला खरं कारण तेच आहे. माझा आतेभाऊ गावातल्या बेंजो पार्टीत की-बोर्ड वाजवतो. दोन वर्षांपूर्वी शहरातला एक स्टुडिओवाला त्यांना भेटला. "तुम्हाला वर आणतो" म्हणाला. पोरांनी वर्गणी काढून पैसे दिले, एक गाणं रेकॉर्ड झालं, युट्यूबवर चढलं. खाली नाव आहे निर्मात्याचं, त्याच्या चॅनेलचं, कॅमेरावाल्याचं. सातपैकी एकाही पोराचं नाही. मी चिडले. आतेभाऊ म्हणाला, "ताई, पण त्यांच्यामुळे सुपाऱ्या वाढल्या ना."

मी त्याला वही आणायला सांगितली. सुपाऱ्या खरंच वाढल्यात. पण त्याच हंगामात यांनी नवा की-बोर्ड घेतला होता. शेजारच्या गावातली पार्टी फुटली होती, तिची गिऱ्हाइकं यांच्याकडे आली. टोमॅटोला त्या साली भाव मिळाला, म्हणून लग्नं दणक्यात झाली. गाण्याने किती वाढ झाली? आम्ही दोघांनी सुपारी देणाऱ्यांच्या नावापुढे खुणा करायचा प्रयत्न केला, कोण गाणं बघून आलं आणि कोण ओळखीने. निम्म्यांचं त्याला आठवलंच नाही. ज्यांचं आठवलं त्यातले बरेच ओळखीचे निघाले, पण तीन जण खरोखर गाणं बघून आले होते. एक तर पार अकोल्याहून, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या अकोल्याहून. तर स्टुडिओवाल्याने काहीच केलं नाही असंही मला म्हणता येईना. तीन सुपाऱ्या त्याच्या. सात नावं पोरांची.

दुसरं गाणं पुढच्या महिन्यात रेकॉर्ड होतंय, त्याच माणसाकडे. मी जाऊ नका म्हटलं नाही. वहीच्या शेवटच्या पानावर सातही नावं आणि कोण काय वाजवतो ते लिहून घेतलंय, ढोल-ताशापासून झांजेपर्यंत, आणि हे पान दिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत असं ठरलंय. झांज वाजवणारा पोरगा म्हणत होता, माझं कशाला लिहिता, मी तर नुसती झांज वाजवतो. त्याचं नाव वर घेतलंय.